कॉम्प्रेसर बदलण्याआधी

प्रश्न : माझ्या ट्रकला एअर ब्रेकची हवा भरायला फार वेळ लागतो, टाकीतून तेलही निघतं. मिस्त्री कॉम्प्रेसर बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर : एवढ्यावरून लगेच बदलू नका. कॉम्प्रेसर बहुधा दुसरीकडच्या बिघाडाची शिक्षा भोगत असतो. टाकी पूर्ण भरा, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करा आणि ब्रेक न दाबता हवेच्या दाबाचा काटा पाहत राहा. मग ब्रेक दाबून धरून पाहा. काटा भरभर उतरला तर हवा गळते आहे. साबणाच्या पाण्याने सांधे, व्हॉल्व्ह, ब्रेक चेंबर तपासा. गळतीमुळे कॉम्प्रेसरला विसावा मिळत नाही, तो तापतो, तेल जळून बाहेर जाणाऱ्या पाइपात कार्बन साचतो. पाइप अरुंद झाला की उष्णता आणखी वाढते. हे तसंच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवलात, तर तोही त्याच वाटेने जाईल.

तेल दिसतं म्हणजे कॉम्प्रेसरच्या पिस्टनच्या रिंगा गेल्या, असं मिस्त्री म्हणतील. ते शक्य आहे. पण आत येणाऱ्या हवेची वाट तुंबली तरी आत ओढ निर्माण होऊन तेल वर खेचलं जातं, आणि तेल परत जाण्याची वाट अडली तरी तेच होतं. काटा स्थिर राहून हवा हळूहळू भरत असेल, तर फिल्टर, पाइप, अनलोडर (टाकी भरल्यावर हवा भरणं थांबवणारा भाग) पाहा. हे सगळं ठीक निघालं, तरच कॉम्प्रेसर खोला. पाइप सोडण्याआधी टाक्या रिकाम्या करा. कमी हवेचा इशारा लागलेला असताना मात्र घाट उतरू नका.