ट्रॅक्टरच्या तेलाला बाहेरची गाळणी : बसवावी का, आणि बसवावी तर कुठे?



गळीत हंगामात ऊस, टोळी आणि वाहन या तिघांचा मेळ बसावा लागतो. वाहन उभे राहिले की तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते, उतारा कमी होतो आणि टोळीचा खाडा पडतो तो निराळाच. म्हणून या अंकात आपण ट्रॅक्टरच्या एका दुर्लक्षित गोष्टीचा विचार करू. ती म्हणजे गिअरबॉक्स व लिफ्टचे तेल, आणि त्याला बाहेरून बसवायची गाळणी.

इंजिनाचे ऑइल आपण वेळच्या वेळी बदलतो. पट्टीवर काळे दिसले की आपल्यालाच चैन पडत नाही. मागच्या चेंबरमधल्या तेलाकडे मात्र लिफ्ट दगा देईपर्यंत कोणी बघत नाही. "तेल भरलेलं हाय, मग झालं की," असे आपले म्हणणे. पण तेल भरलेले असणे वेगळे आणि स्वच्छ असणे वेगळे.

एकच तेल, चार कामे

आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचे तेल एकच असते. ऑइल ब्रेक असतील तर तेही याच तेलात बुडालेले. गिअरचे दाते झिजतात त्याचा लोखंडी चुरा, ब्रेकच्या प्लेटांची भुकटी, सगळे याच तेलात उतरते आणि तेच तेल पंप ओढतो.

गिअरला हा चुरा थोडाफार सोसतो, पंपाला सोसत नाही. पंपाच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे जो कण पंप खातो, तो आपल्याला दिसतच नाही. पंपाच्या तोंडाशी जाळी असते खरी, पण तिची भोके साधारण १०० मायक्रॉनच्या पुढची. ती खडा अडवते, चुरा अडवत नाही.

घाण येते कुठून?

आतल्या झिजेखेरीज तीन वाटा आहेत. पहिली, तेल भरताना उघडा डबा आणि धुळकट नरसाळे. दुसरी, चेंबरचा श्वास घेणारा नट, म्हणजे ब्रीदर; तो मातीने माखला किंवा त्याची टोपी गेली की धूळ आणि पाणी आत जाते. तिसरी वाट सहसा ध्यानात येत नाही, ती म्हणजे पल्टी नांगर. भाड्याचा नांगर आज एका ट्रॅक्टरला, उद्या दुसऱ्याला. त्याच्या सिलेंडरमधले तेल एका ट्रॅक्टरमधून दुसऱ्यात जाते. एकाचा चुरा दुसऱ्याच्या पंपात! शिवाय नळ्यांची तोंडे मातीत पडलेली असतात, ती तशीच जोडली जातात. डंपिंग ट्रॉलीचेही तेच.

गाळणी कुठे बसवावी?

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत २००१ सालच्या शेव्हरले सिल्व्हराडो एचडी गाडीत अ‍ॅलिसन १००० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. त्याच्या गाळणीचा डबा बाहेरून फिरवून बसवलेला असतो; चेंबर न खोलता बदलता येतो. ज्या गाड्यांना अशी सोय नाही, त्यांचे मालक तेल थंड होऊन गिअरबॉक्सकडे परत येते त्या नळीवर गाळणी बसवून घेतात. यातली शिकण्यासारखी गोष्ट एकच: गाळणी परतीच्या, कमी दाबाच्या वाटेवर.

ट्रॅक्टरवर जागा चुकली तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होईल. म्हणून हे पाहावे:

१. पंपाच्या ओढीच्या बाजूला बारीक कागदी गाळणी बसवू नये. पंपाला तेल पुरत नाही, तो ओरडू लागतो आणि लवकर जातो.

२. पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला तर मुळीच नको. तिथे दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो किंवा त्याहून जास्त दाब असू शकतो. पत्र्याचा डबा तो सोसत नाही, फुटतो.

३. नांगराकडे जाणाऱ्या दोन नळ्यांवरही नको. नांगर पलटताना त्यांतले तेल कधी इकडून, कधी तिकडून वाहते.

४. व्हॉल्व्हमधून चेंबरकडे परतणारी जी नळी आहे, ती गाळणीची जागा.

बसवताना घ्यायची काळजी

गाळणी १० ते २५ मायक्रॉनची, परतीच्या हायड्रॉलिक तेलासाठीचीच घ्यावी. तिला बायपास व्हॉल्व्ह हवाच. थंडीत तेल घट्ट असते किंवा गाळणी तुंबते, तेव्हा तेलाला वाट मिळाली पाहिजे. क्षमता पंपाच्या प्रवाहाच्या दुपटीच्या आसपास असावी, कारण सिलेंडर मिटताना पंप देतो त्याहून जास्त तेल परत येते. डब्यावरच्या बाणाप्रमाणेच जोडावी आणि दगड-ढेकूळ लागणार नाही अशा उंचीवर घट्ट बांधावी. पहिली गाळणी ५० तासांच्या आसपास बदलावी. सुरुवातीला साचलेली घाण तिच्यात येते. जुनी गाळणी कापून बघावी. लोखंडाचे तुकडे दिसले तर मिस्त्रीला दाखवावे.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. आणि दाबाच्या नळीची गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. तेलाची बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

गाळणीने काय होत नाही?

या गाळणीतून परतीच्या नळीतलेच तेल जाते. लिफ्टचे तेल आतल्या आत चेंबरमध्ये पडते, ते गाळले जात नाही. म्हणून ज्यांच्याकडे पल्टी नांगर किंवा डंपिंग ट्रॉली नाही, त्यांनी या खर्चात पडू नये. आतली जाळी धुवावी, पुस्तिकेत दिलेल्या तासांवर तेल बदलावे, तेवढे पुरे.

तसेच कागदी गाळणी तेलातले पाणी काढत नाही. पट्टीवरचे तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले असे समजावे. ते तेल सोडून द्यावे आणि पाणी कुठून आले ते शोधावे. नुसते नवीन तेल ओतून भागत नाही.

आणि बिनपैशाचा उपाय सर्वांसाठी: नळ्या जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसा, सोडल्यावर टोप्या घाला. नांगर भाड्याने देणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही. पंप एकाचा गेला तरी खोळंबा साऱ्या फडाचा होतो. तेव्हा पहिली खेप निघण्याआधी ब्रीदर, जाळी आणि तेल एकदा पाहून घ्यावे, ही सर्व सभासदांना विनंती.