सरल आणि देवदारु : काष्ठपरीक्षेची आवश्यकता

भावप्रकाश निघंटूच्या कर्पूरादि वर्गात देवदारु व सरल ही द्रव्ये स्वतंत्रपणे वर्णिली आहेत. दोन्ही वृक्ष हिमालयातील, सूचिपर्णी व सुगंधी असून दोन्ही द्रव्ये उष्णवीर्य आहेत. त्यामुळे त्यांच्या काष्ठांची सरमिसळ सहज होते. महाराष्ट्रात तर मालाच्या खोक्यांच्या फिकट, हलक्या लाकडालाच ‘देवदार’ म्हणण्याची रूढी आहे. वस्तुतः ते पुष्कळदा पाइनचे असते. म्हणून वैद्याने सरलकाष्ठाचे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे.

वृक्षपरिचय : सरल म्हणजे पायनस रॉक्सबर्घी, हिंदीत चीड. हा हिमालयाच्या उतारांवर सुमारे ५०० ते २००० मीटर उंचीवर वाढतो. पाने तीन-तीनच्या जुडग्यात, २० ते ३० सें.मी. लांब असतात. देवदारु (सिड्रस देवदारा) याहून अधिक उंचीवर आढळतो. त्याची आखूड पाने गुच्छाने येतात. सरलाच्या खोडास छेद दिल्यावर पाझरणारा निर्यास म्हणजे श्रीवास, बाजारातील गंधाबिरोजा. त्याच्या ऊर्ध्वपातनाने टर्पेंटाइन तेल मिळते व राळ शिल्लक राहते.

काष्ठाचे गुणधर्म व उपयोग : बाहेरील काष्ठ पिवळसर पांढरे, तर सारकाष्ठ फिकट तांबूस तपकिरी असते. वार्षिक वलये ठळक दिसतात. करवत व रंधा सहज चालतो, खिळे चांगले बसतात. मात्र गाठी पुष्कळ असतात आणि राळेमुळे हत्यार चिकटते. तंतू पिळदार असल्यास वाळताना फळी वाकते. ओलसर ठिकाणी बुरशीने निळसर डाग पडतात व वाळवीही लागते. दारे-खिडक्या, साधे फर्निचर व खोकी यांसाठी हे लाकूड वापरतात. रेल्वेच्या स्लीपरांसाठी ते क्रिओसोट मुरवून वापरले जात असे.

भेदनिर्णय : ताजा आडवा छेद भिंगातून पाहावा. सरलात राळवाहिन्यांचे सूक्ष्म ठिपके विखुरलेले दिसतात. देवदारूत त्या स्वभावतः नसतात. वृक्षास इजा झाल्यास मात्र वलयाला धरून ओळीने निर्माण होतात. सरलास टर्पेंटाइनचा वास येतो, तर देवदारूच्या सारकाष्ठाचा स्निग्ध, उग्र सुगंध दीर्घकाळ टिकतो. केवळ रंगावरून निर्णय करू नये.

सावधानता : सुताराकडील तुकडे वा खोक्यांच्या फळ्या क्वाथासाठी कधीही घेऊ नयेत. टिकाऊपणासाठी लाकडात तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांची संयुगे मुरवलेली असू शकतात. निर्यातीच्या खोक्यांवरील ‘एमबी’ ही खूण मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीची, तर ‘एचटी’ ही उष्णतासंस्काराची असते. अशा लाकडाचा क्वाथ सूतिकेला देवदार्वादि म्हणून दिला गेला, तर अपेक्षित गुण तर येणार नाहीच, उलट अपायाची भीती राहील.

सारांश, नाम एक व द्रव्य दुसरे असा घोटाळा बाजारात होतो. त्याचे निवारण वैद्याच्या परीक्षेनेच होऊ शकते. देवदारु सारकाष्ठाच्या स्वरूपात, अखंड तुकड्यांत विकत घ्यावे व छेद पाहूनच त्याचे भरड चूर्ण करावे.