'थोडं थांबून पाहू' म्हणणाऱ्यांस

दवाखान्यात रोज ज्या सबबी कानी पडतात त्यांत 'डॉक्टरसाहेब, थोडं थांबून पाहू' ही सबब ऐकायला सर्वांत सौम्य, दिसायला सर्वांत समंजस आणि माझ्या अनुभवाप्रमाणे परिणामी सर्वांत घातक होय. कोविडच्या लसीला उघड विरोध करणारा मनुष्य निदान वाद तरी घालतो. त्याच्या शंकेचे निरसन करता येते, आणि पुष्कळदा आठ दिवसांनी तो अस्तनी सारून रांगेत उभा राहिलेलाही दिसतो. थांबून पाहणारा मात्र नकार देत नाही, वादही घालीत नाही. आपण अद्याप कोणताच निर्णय घेतलेला नाही अशा समजुतीत तो स्वस्थ असतो, आणि त्याच्या या स्वस्थपणाचा भार घरातील सर्वांत दुबळ्या माणसावर पडत असतो, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. लसीकरण सुरू होऊन आज, डिसेंबर २०२१ मध्ये, अकरा महिने होत आले; आशाताई आणि आरोग्यसेविका घरोघर उंबरठे झिजवीत आहेत; औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांना तर एकही मात्रा न घेतलेल्यांस रेशन आणि पेट्रोल देऊ नये असा हुकूम गेल्या महिन्यात काढावा लागला; आणि तरीही थांबण्यात काही धोका नाही हा समज जागचा हललेला नाही. म्हणून आज केवळ त्याच समजाविषयी लिहितो.

थांबणाऱ्यांचा बेत साधारणतः असा असतो की लाट येताना दिसली म्हणजे लस घेऊ. हा बेत हिशेबात टिकत नाही. गेल्या फेब्रुवारीच्या आरंभी महाराष्ट्रात दिवसाकाठी अडीच-तीन हजारांच्या आसपास नवे रुग्ण सापडत होते, आणि १८ एप्रिल रोजी हा आकडा ६८ हजारांच्या वर गेला. म्हणजे पायथ्यापासून शिखरापर्यंत लाटेला जेमतेम अकरा आठवडे लागले. आता कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर आजच्या नियमाप्रमाणे बारा ते सोळा आठवड्यांचे आहे, आणि दुसऱ्या मात्रेनंतरही शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. ज्याने लाटेची पहिली चाहूल लागताच धावत जाऊन पहिली मात्रा घेतली त्यालाही दुसरी मिळण्याची तारीख शिखर उलटून गेल्यावरच येते. कोवॅक्सिनचे अंतर चार आठवड्यांचे असल्याने तिथे काळ कमी लागतो, तथापि सहा आठवडे तिथेही हवेतच. शिवाय गेल्या एप्रिलात जे घाईने केंद्रावर गेले त्यांपैकी कित्येकांना 'साठा संपला' ही पाटी वाचून परत फिरावे लागले, हे आपण इतक्यात विसरलो काय? आज केंद्रांवर लस मुबलक आहे, रांग नाही, परिचारिका वाट पाहत बसलेल्या आहेत. आणि ओमिक्रॉन नावाच्या नव्या प्रकाराचा राज्यातील पहिला रुग्ण ४ डिसेंबरला डोंबिवलीत आढळलेला आहे. थांबून जे पाहायचे होते ते आता दारात येऊन उभे आहे.

आमच्या तालुक्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांची हकीकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे, मीही म्हणत असे. पल्स पोलिओच्या रविवारी शाळेच्या ओसरीवर ठाण मांडून बसणारे, एखादे घर राहिले तर स्वतः जाऊन लेकराला कडेवर घेऊन येणारे असे हे गृहस्थ. दंडावर देवीच्या लसीचा वण, वय साठीच्या पुढचे, आणि जुना मधुमेह. १ मार्चपासून त्यांच्या वयाच्या लोकांना लस खुली झाली तेव्हा मी त्यांना आग्रह केला. ते म्हणाले, "लसीवर अविश्वास नाही हो, डॉक्टरसाहेब. पण नवी आहे, थोडं थांबून पाहू. शिवाय धाकटीचं लग्न एप्रिलात आहे, ताप आला तर कामं कोण बघणार?" लग्न बंद सभागृहात, पंखे लावून, खिडक्या मिटून यथासांग पार पडले. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांना ताप आला. घरच्यांनी औषधाच्या दुकानातून गोळ्यांची एक पुडी आणली, तीत तिसऱ्याच दिवसापासून स्टेरॉइड होते, त्याने ताप झटकन उतरला, आणि उतार पडला असे समजून सर्व निश्चिंत झाले. आठव्या दिवशी ते माझ्यासमोर खुर्चीत बसून शांतपणे बोलत होते, जावयाची चौकशी करीत होते, आणि त्यांच्या बोटावरील ऑक्सिमीटर ८४ दाखवीत होता. रक्तातील साखर चारशेच्या वर गेली होती. प्राणवायूची खाट मिळण्यात एक संपूर्ण रात्र गेली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गुरुजी वारले.

या हकीकतीत वाचकांनी ध्यानात धरण्याच्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही की प्राणवायू धोकादायक पातळीला उतरला तरी या रोगात कित्येकांना धाप लागल्याची जाणीवच होत नाही. 'मला काही होत नाही' हे रोग्याचे म्हणणे अशा वेळी प्रामाणिक असते, परंतु विश्वसनीय नसते. दुसरी स्टेरॉइडची. पहिल्या आठवड्यात विषाणू शरीरात वाढत असतो आणि आपली प्रतिकारव्यवस्था त्याच्याशी झुंजत असते. स्टेरॉइड नेमकी तीच व्यवस्था दडपून टाकते आणि मधुमेह्याची साखर भडकवते. २०२० साली ब्रिटनमधील रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनने प्राण वाचतात असे सिद्ध झाले खरे, पण ते प्राणवायू लावावा लागलेल्या रुग्णांत. ज्यांना त्याची गरज नव्हती त्यांना या औषधाचा लाभ झाला नाही. हे अर्धे वाक्य गाळून उरलेले अर्धे व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरले, आणि त्याची फळे काळ्या बुरशीच्या रूपाने आपण मे-जूनमध्ये पाहिली. कुणी तरी पाठवलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र दाखवून गोळ्या मागणारा आणि त्या बिनदिक्कत देणारा, असे दोघेही या अनर्थाचे वाटेकरी आहेत, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगल्याने प्राणवायू वाढत नाही. नाकात लिंबाचा रस पिळल्याने विषाणू मरत नाही. वाफेच्या भांड्याने भाजलेली लहान मुले आणि दिवसातून पाच वेळा काढा पिऊन पोटात आग पडलेले प्रौढ मी तपासले आहेत.

आता धोक्याची लक्षणे. ती कागदावर उतरवून घरात सर्वांना दिसेल अशा जागी लावावीत. ताप तीन दिवसांहून अधिक टिकणे, किंवा उतरून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा चढणे. ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली येणे. सहा मिनिटे घरातल्या घरात सपाट जागी चालल्यावर तो तीनहून अधिक अंकांनी घसरणे. चार शब्द बोलताना दम लागणे. छातीत दाटल्यासारखे वाटणे. ओठ निळसर दिसणे. आणि वृद्ध माणूस एकाएकी गोंधळल्यासारखा वागू लागणे अथवा अन्नपाणी सोडून नुसता पडून राहणे. यांतील एकही लक्षण दिसले तर त्याच घटकेला डॉक्टर गाठावा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. बोटाला मेंदी किंवा नखाला रंग असेल, अथवा बोट गार पडले असेल, तर यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते, तेव्हा दुसऱ्या बोटावर पुन्हा पाहावे. बरे झाल्यानंतर मधुमेह्याच्या एका गालाला बधिरपणा आला, नाकातून काळसर स्राव येऊ लागला, दात हलू लागले किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर ती काळी बुरशी असू शकते, तेव्हा विलंब मुळीच करू नये.

'लस घेऊनही लोकांना होतोच की' हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच त्याचे उत्तर नीट ऐकून घ्यावे. या लसींचे मुख्य कार्य रोग गंभीर होऊ न देणे हे आहे; संसर्ग संपूर्णपणे थोपवण्याचे अभिवचन त्यांनी कधीच दिलेले नाही. लस घेतलेला मनुष्य चार दिवस तापाने पडून उठतो आणि बहुतेक वेळा घरीच बरा होतो, यात लसीचे अपयश पाहणाऱ्याने गेल्या एप्रिलात कोणत्याही रुग्णालयाच्या दारात एक तास उभे राहायला हवे होते. गर्भवतींनाही जुलैपासून शासनाने लस खुली केलेली आहे, आणि वंध्यत्वाची जी भीती नवविवाहितांना घातली जाते तिला कोणताही आधार नाही.

लसीत काहीच जोखीम नाही असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणारा डॉक्टर पुढे कोणत्याच गोष्टीत विश्वासाला पात्र राहणार नाही. एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, दंडाला ठणका हे तर पुष्कळांना होते आणि त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. रक्तात गुठळी होण्याचा विरळा प्रकार कोविशिल्डनंतर संभवतो. केंद्र सरकारच्या समितीने मे महिन्यात प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार अशा संभाव्य घटनांचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१, म्हणजे एकाहूनही कमी, होते. लस घेतल्यापासून वीस दिवसांच्या आत न थांबणारी तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, दम लागणे किंवा एका पायाला सूज असे काही झाले तर लगेच दाखवावे, आणि टोचल्यानंतर केंद्रावर अर्धा तास बसण्याचा नियम पाळावा. लसीविषयी शंका विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि तिची चौकशी होणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी हाफकिन यांच्या प्लेगलसीनंतर धनुर्वाताने १९ माणसे दगावली, तेव्हा चौकशी झाली, हाफकिन यांना आपले पद गमवावे लागले, आणि त्या सर्वांना एकाच बाटलीतून लस टोचली होती व ती बाटली तेवढी दूषित झाली होती हे निष्पन्न होऊन १९०७ साली ते निर्दोष ठरले. हेच हाफकिन जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेत होते. आणि त्याच वर्षी १० मार्चला, ती लस सामान्य जनांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. लस घ्यावी की थांबावे हा विचार करण्याची सवड त्या पिढीला मिळाली नव्हती.

'मरण काय, रस्त्यावर मोटारीखालीही येतं' हे वाक्य तरुण मंडळी मोठ्या बेफिकिरीने ऐकवतात. आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत वर्षाला सुमारे दीड लाख माणसे मरतात ही लाजिरवाणी गोष्ट खरी आहे. पण एकट्या महाराष्ट्रात या साथीने नेलेल्यांची सरकारी दप्तरात नोंदलेली संख्याच दोन वर्षे पुरी होण्यापूर्वी १ लाख ४० हजारांच्या वर गेलेली आहे. आणि हेल्मेट न घालता दुचाकी हाकणारा बहुधा स्वतःचेच डोके फोडून घेतो. तोंडावरचा मास्क हनुवटीवर उतरवून पारावर गप्पा मारणारा तो धोका घरी नेऊन आजीच्या खाटेपाशी ठेवतो. भाजी साबणाने धुणारी, नोटा उन्हात वाळवणारी कुटुंबे मी पाहिली, आणि तीच कुटुंबे दशक्रियेच्या पंगतीत खांद्याला खांदा लावून जेवायला बसलेलीही पाहिली. हा रोग मुख्यत्वे श्वासावाटे आणि कोंदट हवेतून पसरतो. एसटीची खिडकी उघडी ठेवा, समारंभ अंगणात करा, आणि बोलताना मास्क नाकावरून खाली घेऊ नका. बोलतानाच त्याची सर्वाधिक गरज असते.

एका बाईंचे म्हणणे मात्र मला निरुत्तर करून गेले. त्या शेतमजूर. "सुई टोचली की दोन दिवस ताप, म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. ती कोण भरून देणार, दादा?" यात अडाणीपणा नाही, हट्टही नाही, हातावर पोट असलेल्या माणसाचा रोखठोक हिशेब आहे. ज्यांच्या शेतात, कारखान्यात, दुकानात किंवा घरात अशी माणसे राबतात त्यांनी लसीच्या दिवसाची आणि त्यानंतरच्या दिवसाची मजुरी कापू नये, आणि केंद्रापर्यंत जाण्या-येण्याची सोय करून द्यावी. या बाईंच्या मालकाने ते केले, आणि त्यांच्यासह त्या शेतावरील सर्व बायका एकाच सकाळी लस घेऊन गेल्या.

वाचकहो, प्राथमिक आरोग्य केंद्रात लस विनामूल्य मिळते, आणि आधारकार्ड किंवा ओळख पटवणारा दुसरा दाखला तिथे पुरतो. ज्यांची दुसरी मात्रा राहिली आहे त्यांनी तारीख उलटून गेली म्हणून संकोच करू नये. उशिरा का होईना, ती घेता येते आणि घेतलीच पाहिजे. घरात अंथरुणाला खिळलेले कुणी असेल तर गावच्या आशाताईंना कळवा आणि घरी येऊन लस देण्याची व्यवस्था करण्यास सांगा. हे सर्व पुढच्या महिन्यावर टाकू नका. याच आठवड्यात करा.