गळ्याची गाठ आणि सुईची तपासणी



वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो." या भीतीने आपल्या कितीतरी बाया पदराआड गाठ लपवतात. चार लोक म्हणतात म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तेव्हा हे वाक्यही पारखूया.

थायरॉईड ही मानेच्या पुढच्या बाजूची, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्यात गाठ होणे सर्रास आढळते, बायांमध्ये जास्तच. १०० गाठींपैकी ९० ते ९५ साध्या असतात. उरलेल्या कोणत्या, हे नुसते चाचपून कळत नाही. टीएसएच नॉर्मल आली म्हणजे कॅन्सर नाही, असेही नाही. ती रक्ततपासणी ग्रंथीचे काम कसे चालले आहे एवढेच सांगते.

म्हणून टीएसएचबरोबर गळ्याची सोनोग्राफी करतात. गाठ संशयास्पद आणि साधारण १ सेंटिमीटर किंवा मोठी असेल, तर डॉक्टर 'एफएनएसी' सांगतात. इंजेक्शनच्या सुईपेक्षाही बारीक असू शकणारी सुई गाठीत घालून थोड्या पेशी काढतात, काचपट्टीवर पसरवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. भूल लागत नाही, टाके पडत नाहीत. थोडा वेळ दाबून धरले की घरी जाता येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. या सुईने कॅन्सर पसरणे अत्यंत विरळ आहे.

रिपोर्टमध्ये 'बेथेस्डा' असे लिहून १ ते ६ आकडा असतो.
१ : पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत. बहुधा सुई पुन्हा करावी लागते. १ म्हणजे 'सुटलो' नव्हे.
२ : साधी गाठ. डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी.
३ व ४ : नक्की सांगता येत नाही. पुन्हा सुई किंवा ऑपरेशन, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचे.
५ : कॅन्सरचा दाट संशय.
६ : कॅन्सर.

साध्या गाठीचे विनाकारण ऑपरेशन टळते, हा सुईचा मोठा फायदा. पूर्ण ग्रंथी काढली तर जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते.

५ किंवा ६ आला तरी खचू नका. थायरॉईडचे बहुतेक कॅन्सर वेळेवर उपचाराने बरे होतात. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. गरज पडल्यास तिथे किरणोत्सारी आयोडीनचे उपचार मिळतात. पैशांची अडचण असेल तर रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

गाठ भराभर वाढते, दगडासारखी कडक लागते, आवाज बसला तो सुटत नाही, गिळताना अडकते, मानेच्या बाजूलाही गाठी आल्या, किंवा घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर झालेला आहे, तर थांबू नका. वर्तकनगरहून कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय फार लांब नाही. तिथे नाक-कान-घसा किंवा सर्जरीच्या ओपीडीत दाखवा.

लग्न जुळणार नाही म्हणून मुलीची गाठ लपवू नका. गंडा-दोरा, लेप यांत महिने घालवू नका. आज आरशासमोर हनुवटी वर करून घोटभर पाणी प्या. गिळताना गळ्यात गाठ किंवा फुगवटा वर-खाली सरकताना दिसला, तर डॉक्टरांना दाखवा. आणि सुईचा रिपोर्ट जपून ठेवा, पुढचा सगळा उपचार त्यावर ठरतो.

जय भीम! नमो बुद्धाय!