शिक्षणाचे ऋण आणि डोक्यावरचे छप्पर



रेवस-मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या वाड्यांतून आज इंजिनिअर, परिचारिका, फार्मासिस्ट, वकील आणि शिक्षक बाहेर पडत आहेत. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या खाजणात राबून दिवस काढले, त्यांची नातवंडे पदवीधर होत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु अनेकांच्या एका हातात पदवी आणि दुसऱ्या हातात बँकेच्या कर्जाचे खातेपुस्तक असते. नोकरी लागते न लागते तोच घरात दुसरा विषय निघतो: "आता घराचं बघा." वाडीतले घर दोन खोल्यांचे, त्यात तीन भावांचे वाटे. बाहेर जागा घ्यावी तर भाव ऐकूनच पाय मागे येतो.

ही दोन ओझी एकाच पगारातून कशी पेलावीत, याचा अभ्यास या लेखात करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: आधी शिक्षणाचे कर्ज, मग घराचे कर्ज, आणि तोवर वाडवडिलांची जागा हातची जाऊ द्यावयाची नाही.

किनारा महाग का झाला?

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि उरण-पनवेलच्या जमिनींकडे शहराची नजर वळली. १९८९ मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले. आवास, किहीमच्या बाजूला मुंबईच्या धनिकांचे बंगले उभे राहिले. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

या सुधारणा वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांतून रोजगारही येतो. पण अंतर कमी झाले की जागेचा भाव मुंबईच्या खिशाकडे पाहून ठरू लागतो, आणि अलिबागच्या दवाखान्यातल्या परिचारिकेचा पगार मात्र अलिबागच्या मानानेच मिळतो. आपली मुले उधळी आहेत म्हणून त्यांना घर घेता येत नाही, असे नव्हे. भाव एका बाजारात ठरतो आणि पगार दुसऱ्या बाजारात, हे खरे कारण आहे. ते समजले म्हणजे मुलांना दोष देणे थांबते आणि हिशेब सुरू होतो.

बाबासाहेबांचा क्रम

शिक्षणाचे ऋण आणि राहण्याच्या जागेचा प्रश्न आपल्या समाजात आजचा नाही. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस गेले, ते परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. करार पाळण्यासाठी १९१७ मध्ये ते बडोद्यास गेले, तेव्हा एवढ्या विद्वान माणसाला राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले आणि नोकरी सोडून मुंबईस परतावे लागले.

पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेऊन १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. त्यानंतरही सुमारे दहा वर्षे त्यांचा संसार परळच्या बी.आय.टी. चाळीतच होता. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले ते १९३३ च्या सुमारास, वयाच्या चाळिशीनंतर. त्यासाठीही कर्ज काढावे लागले. त्याच वेळी बांधलेली 'चार मिनार' ही दुसरी इमारत त्यांनी १९४१ मध्ये विकली, ती कर्जाच्या फेडीसाठी आणि ग्रंथांसाठी.

यातून विद्यार्थ्यांनी क्रम ध्यानात घ्यावा. आधी विद्या, मग स्थिर उत्पन्न, मग घर. आणि घर झाल्यावरही कर्जाचा विसर नाही. बॅरिस्टर झालेला माणूस दहा वर्षे चाळीत राहिला म्हणून लहान झाला नाही.

धम्माची शिकवण

भगवान बुद्धांनी गृहस्थाला धनाचा तिरस्कार शिकवलेला नाही. अनाथपिंडिकाला उपदेश करताना त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: धन असण्याचे सुख, त्याचा उपभोग घेण्याचे सुख, अऋणी असण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. अंगुत्तर निकायातील इणसुत्तात दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा आणि शेवटी बंधन अशी साखळी दाखवली आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा.

शिक्षणाचे कर्ज हे या 'कामधंद्याच्या' दोन भागांतले आहे, म्हणून ते घेण्यात कमीपणा नाही. परंतु चौथा भाग रिकामा ठेवून, दारात मोठा मांडव घालून आणि वर घराचे कर्ज काढून कुटुंब चालवणे म्हणजे तराजूचे एक पारडे जमिनीला टेकवणे होय. जमा आणि खर्च यांचा तोल राखण्याला धम्मात 'समजीविता' म्हणतात.

आता प्रत्यक्ष हिशेब

समजा, एका विद्यार्थ्याने चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरसाल दीड लाख याप्रमाणे ६ लाखांचे कर्ज १० टक्के दराने घेतले. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. पण व्याज थांबत नाही. सरळ व्याजाने पाच वर्षांत २ लाख १० हजार रुपये चढतात आणि फेड सुरू होते ती ८ लाख १० हजारांवर.

हे कर्ज दहा वर्षांत फेडावयाचे तर हप्ता सुमारे १०,७०० रुपये पडतो आणि एकूण १२ लाख ८४ हजार भरावे लागतात. हप्ता हलका वाटावा म्हणून पंधरा वर्षांची मुदत घेतली तर तो ८,७०० होतो, परंतु एकूण भरणा १५ लाख ६६ हजारांवर जातो. महिन्याचे दोन हजार वाचवण्यासाठी पावणेतीन लाखांहून अधिक जादा द्यावे लागतात.

आता घराकडे पाहू. हातात येणारा पगार ४०,००० आहे आणि सर्व हप्ते मिळून त्याच्या निम्म्यापर्यंतच जावेत असे बँक धरते, असे समजू. म्हणजे २०,०००. शिक्षणाचे कर्ज नसते तर ८.५ टक्के दराने, वीस वर्षांच्या मुदतीने, साधारण २३ लाखांचे घरकर्ज मिळाले असते. १०,७०० चा हप्ता चालू असेल तर उरलेल्या ९,३०० मध्ये फक्त १० लाख ७० हजार मिळतात. आठ लाखांच्या शिक्षणकर्जाने घरकर्जाची पात्रता बारा लाखांनी खाली आणली. पुष्कळ तरुणांना बँकेत गेल्यावर कळते, ते हे.

उलट बाजूही पाहा. हाच तरुण वाडीतल्या घरीच राहिला, भाडे वाचवले आणि दरमहा १७,००० भरले तर कर्ज पाच वर्षे एक महिन्यात संपते. एकूण भरणा सुमारे १० लाख ३६ हजार, म्हणजे दहा वर्षांच्या मुदतीपेक्षा अडीच लाखांची बचत. पुढे दोन वर्षे तेच १७,००० बाजूला टाकले तर ४ लाखांहून अधिक रक्कम हाती येते. ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. उरलेला दहावा हिस्सा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांसाठी ही पुंजी उपयोगी पडते. अलिबागच्या किनाऱ्यावर एवढ्यात घर मिळेलच असे नाही. पेण, रोहा, माणगाव, महाड यांचा विचार करावा, किंवा वाडीतल्या स्वतःच्या जागेवरच बांधावे.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. कर्जाआधी शिष्यवृत्ती. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती, स्वाधार योजना, परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती यांचे अर्ज मुदतीत भरावेत. शिष्यवृत्तीने भागलेला प्रत्येक रुपया पुढे घराच्या कामी येतो.

२. शिकत असतानाच जमेल तेवढे व्याज भरावे. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिना १,२५० रुपये आहे, चौथ्या वर्षी ५,०००. सगळे भरले तर फेड ६ लाखांवरच सुरू होते आणि दहा वर्षांचा हप्ता ७,९३० वर येतो.

३. सहकर्जदार म्हणून वडिलांची किंवा आईची सही असते. मुलाने हप्ते चुकवले तर त्यांचीही पत घसरते. नव्वद दिवस थकल्यास खाते अनुत्पादित ठरते. नोकरी गेली तर फोन बंद ठेवू नये. बँकेत जाऊन लेखी अर्ज देऊन हप्त्यांची फेररचना मागावी.

४. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी बँक दंड आकारू शकत नाही. बोनस आला की तो मुद्दलात भरावा.

५. दोन कर्जांच्या मध्ये गाडीचे, लग्नाचे किंवा मोबाईलचे कर्ज घुसू देऊ नये.

६. इमारतीत घर घेताना महारेराची नोंदणी पाहावी. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत; स्वस्त मिळते म्हणून परवानगीशिवायचे घर घेऊ नये.

७. घर नसलेल्या किंवा कच्चे घर असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. पंचायत समितीत चौकशी करावी. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या आणि सिडकोच्या सोडतींवरही लक्ष ठेवावे. त्यांत अनुसूचित जातींसाठी राखीव घरे असतात.

हातची जागा सोडू नका

सर्वांत मोठा धोका येथे आहे. मुलाचे कर्ज थकते, त्याच सुमारास दलाल दारात येतो आणि रोख रक्कम दाखवतो. कर्ज फिटते, चार दिवस बरे जातात. पण विकलेली जागा त्या भावाने पुन्हा कधीच घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यास सर्वसाधारणपणे शेतकरी असावे लागते. शेवटचा सातबारा गेला की परतीची वाटही अवघड होते.

काही कुटुंबांकडे पूर्वीच्या महार वतनाच्या जमिनी आहेत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी पुन्हा देण्यात आल्या त्या अटींसह. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विक्री करता येत नाही. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या कुलमुखत्यारपत्रावर सही करू नये. जागेत बाईचा हक्क असेल तर तिचीही सही लागते. घरातील भगिनींनी वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नये.

आजोबांच्या नावावरच राहिलेल्या जागेची वारस नोंद तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, करून घ्यावी. २०२० च्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके दिली जातात. आपली वाडी गावठाणाच्या हद्दीत धरली आहे की बाहेर, हे ग्रामपंचायतीत पाहावे. नुसत्या घरपट्टीच्या पावतीवर बँक सहसा कर्ज देत नाही; कागद नीट असेल तर त्याच जागेवर घरकर्ज मिळू शकते. अनेकांचे परवडणारे घर दूरच्या वसाहतीत नाही, त्या न झालेल्या वारस नोंदीत अडकले आहे.

मंडळाचे कर्तव्य

मंडळांनी वर्षावासाच्या प्रवचनमालेत एक दिवस हिशेबासाठी राखावा, असे आम्हास वाटते. समाजातील बँक कर्मचारी, वकील आणि महसूल खात्यातील बांधवांनी त्या दिवशी विहारात बसावे, विद्यार्थ्यांचे अर्ज भरून द्यावेत, पालकांचे सातबारे वाचून दाखवावेत. कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या तरुणाने नव्या विद्यार्थ्याला आपला हिशेब समजावून सांगावा. हीच कल्याणमित्रता.

याच जिल्ह्यातील महाडला, २० मार्च १९२७ रोजी, आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून या भूमीवरील समान हक्क सांगितला. त्या भूमीवर आपल्या मुलांना कर्जमुक्त होऊन, स्वतःच्या छपराखाली राहता आले पाहिजे. ते एका पगारात किंवा एका वर्षात होणार नाही, परंतु क्रम पाळला तर होईल.

भवतु सब्ब मंगलं!