पाईप घेताना आतला धागा पाहा

आम्ही कापडाचे व्यापारी. रबरी पाईपांविषयी आम्ही काय सांगणार, असे व्यापारी बंधूंना वाटणे साहजिक आहे. परंतु हकीकत अशी की, दाब सहन करण्याची ताकद पाईपाला मुख्यतः रबरामुळे येत नाही, ती आत विणलेल्या धाग्यामुळे येते. आतले रबर पाणी किंवा तेल अडवते आणि बाहेरचे रबर धाग्याला ऊन व घर्षणापासून जपते. तेव्हा हा माल अर्धा आमच्याच धंद्यातला म्हणावा लागेल.

हे आम्हाला नुकसान सोसून समजले. काही वर्षांपूर्वी भिवंडीहून सुताची पोती भरून आमचा टेम्पो मालेगावला येत होता. कसारा घाटाच्या चढावर इंजिन तापले. ड्रायव्हरने बॉनेट उघडले आणि त्याच वेळी रेडिएटरचा पाईप फुटून उकळते पाणी त्याच्या हातावर आले. पंधरा दिवस तो बिचारा कामावर येऊ शकला नाही. कसूर आमचाच होता. आदल्या दिवशी चार पैसे वाचवण्यासाठी शेतातल्या प्लॅस्टिक पाईपाचा तुकडा आम्हीच बसवायला लावला होता. दोन्हीकडे पाणीच वाहते, असा आमचा हिशेब! पण रेडिएटरचे पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही पुढे जाऊ शकते, आणि शेतातला प्लॅस्टिक पाईप त्याच्या कितीतरी आधी नरम पडतो.

म्हणून पाईपातून काय वाहणार, हे दुकानदाराला आधी सांगावे. रेडिएटरला ईपीडीएम रबर चांगले, पण तेच रबर डिझेल किंवा ऑइल लागले की फुगते. इंधनाला नायट्राइल रबराचा, त्या कामासाठीच बनवलेला पाईप लागतो. 2025 पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे. जुन्या गाडीचा पाईप त्यात टिकेल का, हे मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. ब्रेकचा पाईप मात्र जोडून किंवा ठिगळ लावून कधीही वापरू नये.

आता धागा. कापलेले टोक हातात घेऊन पाहावे. जाळी सगळीकडे सारखी हवी आणि रबराला घट्ट चिकटलेली हवी. नखाने थर सुटत असेल तर तो माल परत करावा. सुटलेल्या धाग्याचे टोक दुकानाबाहेर नेऊन काडीने पेटवावे. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, सुती धागा कागदासारखा जळून राख होते. सुती धागा ओलीत कुजतो. जाळीचा कोनही महत्त्वाचा आहे. पाईपाच्या लांबीशी तो साधारण 54 ते 55 अंशांचा असेल तर दाब आल्यावर पाईप फारसा लांबत नाही की आखडत नाही. पंप सुरू होताच सापासारखा वळवळणारा पाईप आम्ही घेत नाही.

फवारणीच्या पाईपाबाबत अधिक सावध राहावे, कारण तो फुटला तर औषध थेट तोंडावर येते. काही विक्रेते पाईप फुटण्याचा दाब मोठ्या अक्षरांत सांगतात. आपण कामाचा दाब विचारावा, तो साधारण त्याच्या तिसरा-चौथा हिस्साच असतो. विहिरीतून पाणी ओढण्यासाठी धाग्याची जाळी उपयोगी नाही. तिथे पाईप आत चेपतो, म्हणून कडक वेटोळ्याचाच घ्यावा.

क्लिपही पाईपाच्या मापाची घ्यावी. तारेने आवळलेला पाईप बहुधा तारेपाशीच कापला जातो.