दातांवरचे डाग घासू नका, पाणी तपासा



जयपूरजवळच्या सांगानेरच्या पलीकडच्या एका ढाणीतून, म्हणजे छोट्या वस्तीतून, एक आजी नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. तक्रार पोटदुखीची. मुलगा नऊ वर्षांचा. ‘आ कर’ म्हटल्यावर त्याने आधी आजीकडे पाहिलं, मग ओठांवर हात धरूनच तोंड उघडलं. वरच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि त्यांवर तपकिरी आडव्या रेघा होत्या. आजी लगेच म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, हा नीट दात घासतच नाही. शाळेत पोरं हसतात. मी रोज राखेनं घासून देते.’

गेल्या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडून एका आईचं पत्र आलं. राखेच्या जागी राखुंडी होती, बाकी कहाणी तीच. जयपूर आणि यवतमाळ एकमेकांपासून किती लांब! पण दोन्हीकडच्या मुलांना एकाच गोष्टीसाठी बोलणी खावी लागतात, आणि त्यात त्या मुलांची काहीच चूक नाही. हे डाग पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे आलेले आहेत. त्यांना फ्लोरोसिस म्हणतात. ते घासून जात नाहीत. उलट राख आणि राखुंडी आधीच कमकुवत असलेलं कवच आणखी झिजवतात. म्हणून पहिली विनंती ही, की मुलाला रागावणं आजपासून बंद करा.

डाग कसे पडतात?

दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, दात हिरडीच्या आत असतानाच घडतं. कायमच्या पुढच्या दातांचं हे काम बाळ काही महिन्यांचं असताना सुरू होतं आणि चार-पाच वर्षांपर्यंत चालतं. अक्कलदाढा सोडल्या तर साधारण आठव्या वर्षापर्यंत सगळ्या कायमच्या दातांची कवचं तयार झालेली असतात. या वर्षांत मुलाच्या पोटात जास्त फ्लोराइड गेलं तर कवचात क्षार पुरते भरत नाहीत, ते सच्छिद्र राहतं. असा दात उगवताना खडूसारखा पांढरा दिसतो. पुढे खाण्यापिण्यातले रंग त्या छिद्रांत मुरतात आणि पांढऱ्याचं तपकिरी होतं.

ओळखायची खूण सोपी आहे. कीड एखाद्या दाताला लागते आणि तिथे खड्डा पडतो. फ्लोरोसिसचे डाग जोडीने येतात: डावीकडच्या दातावर जसे, तसेच उजवीकडच्या. गल्लीतल्या इतर मुलांचे दातही तसेच असतील तर संशय पाण्यावरच घ्यावा. तरीही दंतवैद्याला एकदा दाखवा, कारण लहानपणीचा मोठा आजार किंवा काही औषधं यांमुळेही डाग पडू शकतात.

जयपूरचं पाणी

रामगढचा बंधारा जयपूरकरांना अजून आठवतो. 1982च्या एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती तिथे झाल्या होत्या आणि शहर त्याच पाण्यावर जगत होतं. पुढे तो तलाव कोरडा पडला. आज शहराला टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाचं पाणी मिळतं. पण शहराबाहेरच्या गावांची आणि ढाण्यांची पिढ्यान्‌पिढ्या भिस्त राहिली ती जमिनीखालच्या पाण्यावर. इथल्या खडकांतच फ्लोराइड असलेली खनिजं आहेत. पाऊस कमी, पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं, त्यात उपसा वाढत जाऊन बोअर आणखी खोल गेलेली. नागौरकडच्या काही गावांच्या पट्ट्याला लोक ‘बांका पट्टी’ म्हणतात, कारण तिथल्या कित्येकांची हाडं फ्लोराइडने वाकली. दातांवर जे दिसतं त्याचं पुढचं टोक ते आहे.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर कमाल 1.5. आता हिशेब करा. लिटरमागे 4.5 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं पाणी चार वर्षांच्या मुलाने दिवसाला एक लिटर प्यायलं, तर 4.5 मिलिग्रॅम पोटात गेलं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 4 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी घातलेली दिवसाची मर्यादा 2.2 मिलिग्रॅम आहे. जेठाच्या उन्हात इथलं मूल एका लिटरवर थांबत नाही, आणि त्याच पाण्यात शिजलेली डाळ वेगळीच.

इथल्या संशोधनाने काय सांगितलं?

फ्लोरोसिस झाला की झाला, आता इलाज नाही, असं पूर्वी सरसकट सांगितलं जायचं. जयपूरचे डॉ. एस. के. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यालाच प्रश्न विचारला. ज्या भागातल्या पाण्यात लिटरमागे 4.5 मिलिग्रॅम फ्लोराइड होतं, तिथल्या 25 मुलांना त्यांनी कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि ‘क’ जीवनसत्त्व दिलं. 1996 साली हा अभ्यास जपानमधल्या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. मुलांच्या लक्षणांत स्पष्ट सुधारणा झाली होती, आणि इलाज स्वस्त होता.

2001मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. लिटरमागे 2.4 ते 13.5 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं पाणी पिणाऱ्या मुलांच्या रक्तात पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलेलं आढळलं. हे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. म्हणजे रक्तातलं कॅल्शियम जागेवर ठेवण्यासाठी शरीर हाडांच्या ठेवीला हात घालत होतं. म्हणून अशा भागातल्या मुलाचा रक्ताचा कॅल्शियमचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी पालकांनी आणि डॉक्टरांनी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

25 मुलांचा अभ्यास लहान आहे, हे मला ठाऊक आहे. त्यात दातांतही सुधारणा नोंदवली आहे, पण एकदा घडलेलं कवच पुन्हा घडत नाही, म्हणून डाग गोळ्यांनी जातील असं आश्वासन मी कोणाला देत नाही. मी देतो तो दिलासा वेगळा आहे. वाढत्या वयात हाडं रोज नव्याने घडत असतात. चांगलं पाणी आणि चांगला आहार मिळाला तर मुलाचं शरीर सावरू शकतं. मोठ्यांच्या हाडांना ही सवलत फारशी मिळत नाही. म्हणून घाई मुलांची करायची.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. अभ्यासात दिलेली औषधं वाचून दुकानातून आणू नका. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं आणि मूत्रपिंडांना इजा होते. मात्रा मुलाला तपासूनच ठरते.

आधी पाणी

पिण्याचं पाणी जिथून येतं, त्याच बोअरचा किंवा हापशाचा नमुना तपासून घ्या. शेजारच्या बोअरचा आकडा तुमच्या कामाचा नाही. शंभर पावलांवर प्रमाण बदलू शकतं. राजस्थानात जनस्वास्थ्य अभियांत्रिकी विभागाच्या, तर महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांनाही तपासणी संच दिले आहेत. ग्रामपंचायतीत विचारा.

प्रमाण जास्त निघालं तर पाणी उकळून काही उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं तेवढं त्याचं प्रमाण वाढतं. साधा कॅन्डल फिल्टर, क्लोरिनचे थेंब, नुसती तुरटी फिरवणं, यांनीही ते निघत नाही. निघतं ते तीन-चार मार्गांनी. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना ठरावीक प्रमाणात वापरायची ‘नालगोंडा पद्धत’ बसवून दिली. पण ते प्रमाण पाण्यागणिक बदलतं, ते जाणकाराकडूनच ठरवून घ्यावं. सक्रिय ॲल्युमिनाचा फिल्टर आणि आरओ यंत्र यांनीही फ्लोराइड कमी होतं, मात्र वेळेवर देखभाल हवी आणि यंत्रातून आलेलं पाणी पुन्हा तपासायला हवं. सगळ्यात जुना मार्ग राजस्थानला चांगला ठाऊक आहे. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतं. छत धुऊन घ्या, पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, मग टाक्यात पाणी साठवा.

असं चांगलं पाणी लागतं फक्त पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी. आंघोळ, धुणी, भांडी आहे त्याच पाण्याने खुशाल करा. कातडीतून फ्लोराइड शरीरात जात नाही.

मग ताट

कॅल्शियम आतड्यातच फ्लोराइडला धरून ठेवतं, म्हणून ते जेवणाबरोबर पोटात जायला हवं. दूध वेगळ्या वेळी एक पेला देण्यापेक्षा जेवणात ताक, दही, कढी येऊ द्या. राजस्थानातली छाछ आणि ताकातली राबडी या कामी उत्तम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे 7 ते 9 वर्षांच्या मुलाला दिवसाला 650 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधात साधारण सव्वादोनशे-अडीचशे मिलिग्रॅम असतं, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांतूनही चांगलं मिळतं. ‘क’ जीवनसत्त्वासाठी आवळा, पेरू, लिंबू.

मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात फ्लोराइडमुळे मुलांचे गुडघे आत वळलेले दिसले, तेव्हा आयसीएमआरच्या जबलपूरच्या संस्थेने पाण्याबरोबर आहारावरही काम केलं. तिथे लोकांना जी रानभाजी खायला सांगितली, ती आपल्या ओळखीची आहे: कोकणातला टाकळा, विदर्भातला तरोटा. पावसाळ्यात बांधावर फुकट उगवते आणि कॅल्शियमने भरलेली असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी 2002मध्ये दाखवलं, की मुलांना रोज 10 ग्रॅम चिंच 18 दिवस दिली तर लघवीवाटे जास्त फ्लोराइड बाहेर पडतं. चिंचगुळाच्या आमटीला एवढा आधार पुरेसा आहे. पण कुठलीही भाजी आणि कुठलीही आमटी चांगल्या पाण्याला पर्याय नाही.

मुलांना चहा देऊ नका. चहाचं झुडूप जमिनीतलं फ्लोराइड पानांत साठवतं, आणि काळा कडक चहा ते कपात उतरवतो. त्याच कारणाने काळ्या मिठाचा हातही आखडता ठेवा.

टूथपेस्ट बंद करायची का?

नाही. दातांना बाहेरून लागणारं थोडं फ्लोराइड कीड रोखतं. अपाय होतो तो गिळण्याने. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट द्या, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. ब्रश मोठ्या माणसाने हाती धरावा आणि थुंकायला शिकवावं. गोड चवीची पेस्ट मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नये. तुमच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं असेल, तर लहान मुलासाठी कोणती पेस्ट वापरायची हे बालदंतवैद्याला विचारून ठरवा.

डागांवर उपाय आहेत. कवचाचा अगदी वरचा थर हलक्या हाताने काढणं, छिद्रांत रेझिन मुरवणं, जास्त डाग असतील तर वरून दातासारख्या रंगाचा थर देणं. कोणता उपाय कधी, हे दात पुरते उगवल्यावर दंतवैद्य सांगतील. शाळेत ओठ झाकून बसणाऱ्या मुलासाठी हा खर्च चैनीचा समजू नका.

बुद्धीवर परिणाम होतो का?

हा प्रश्न पालक हल्ली फार विचारतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने 2024मध्ये निष्कर्ष काढला, की लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइडचा संबंध मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी दिसतो, आणि या निष्कर्षावरचा त्यांचा विश्वास मध्यम आहे. 2025च्या जानेवारीत 74 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्याचाही रोख तोच. संबंध दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे. कोणत्याही आईने आपल्या मुलाच्या दातांकडे पाहून त्याच्या हुशारीचा अंदाज बांधू नये. पण 1.5ची मर्यादा पाळायला आता आणखी एक कारण मिळालं आहे.

मुलाचे पाय वाकत असतील, पाठ किंवा सांधे आखडत असतील, वारंवार पोट दुखत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पाणी कुठलं पितो ते आपणहून सांगा. हा प्रश्न आम्ही डॉक्टरच कधीकधी विचारायला विसरतो.

त्या आजी निघताना म्हणाल्या, ‘याची आई पुन्हा पोटुशी आहे.’ मी त्यांना पुन्हा बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. नातवाच्या दातांवरचं जे घडून गेलं त्याला दंतवैद्य आहेत. येणाऱ्या बाळाचे पुढचे दात अजून घडायचे आहेत. तुमच्या घरात, शेजारात अशी कोणी गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल, आणि मोठ्या मुलाच्या दातांवर असे पट्टे असतील, तर या आठवड्यातच एक स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा, भरा, बूच घट्ट लावा आणि प्रयोगशाळेत नेऊन द्या.